हातविणीचा सुती हॅमॉक: पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

हॅमॉक, म्हणजे दोन टोकांना टांगून झोपायची झोळी, कोणता घेऊ, असं कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न करते. त्यात रात्रभर झोपायचंय की टेकून वाचत बसायचंय? एकट्याने की दोघांनी? घरात टांगणार की उघड्यावर? याची उत्तरं ठरेपर्यंत रंगाकडे बघू नका. घेताना सगळ्यांची नजर आधी रंगावर जाते. नंतर पाठ दुखते ती मात्र लांबी-रुंदी चुकल्यामुळे.

हॅमॉकचं मर्म समजलं की निवडणं, टांगणं, धुणं हे सगळं आपोआप उलगडतं. त्यातला एकेक धागा इतका बारीक असतो की बोटाला गुंडाळून जोरात हिसका दिला तर तुटेल. असे शेकडो धागे एकदम ताणले जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला तुमच्या वजनाचा जरासा हिस्सा येतो, म्हणून ते तुम्हाला पेलतात. घेताना बघायचं ते हेच, की भार सगळ्यांत वाटला जाईल अशी वीण आहे ना. आणि पुढे जपायचं तेही हेच, की एकाच धाग्यावर, एकाच दोरीवर किंवा एकाच हुकावर सगळं ओझं येऊ नये.

जाळीचा, कापडी आणि दांड्यांचा

हॅमॉक ही अमेरिका खंडातल्या मूळ रहिवाशांची देणगी आहे. ऑक्टोबर १४९२मध्ये कोलंबस बहामा बेटांवर होता, तेव्हा तिथल्या लोकांचे बिछाने सुती जाळ्यांसारखे आहेत अशी नोंद त्याच्या रोजनिशीत झाली. आपण वापरतो तो शब्दही कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या ‘हमाका’वरून आला. ब्राझीलमध्ये पोर्तुगिजांनी त्याला थेट मासे धरायच्या जाळ्याचंच नाव दिलं, ‘रेदे’. आज हातविणीचे सुती हॅमॉक बघायला गेलात तर प्रामुख्याने दोन घराणी भेटतात: मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पातला जाळीचा हॅमॉक आणि ब्राझीलचा कापडी.

जाळीचा हॅमॉक दोन खांबांच्या चौकटीवर विणतात. या खांबांमधल्या अंतरावर विणलेल्या भागाची लांबी ठरते. सूत भरलेली लाकडी सुई हातात धरून विणणारी व्यक्ती धागे एकमेकांत अडकवत पुढे जाते, आणि गंमत अशी की मधल्या सगळ्या भागात एकही गाठ मारलेली नसते. गाठ नसल्यामुळे पाठीला काही टोचत नाही. शिवाय धागे एकमेकांवरून थोडे सरकू शकतात, त्यामुळे कंबर जड असेल तिथे जाळी जास्त उघडते, मानेखाली कमी. हवा खालूनही खेळते. उकाड्यात झोपायचं असेल तर याच्यासारखं दुसरं काही नाही.

कापडी हॅमॉक म्हणजे मागावर ताण्याबाण्याने विणलेलं जाड सुती कापड, त्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्यांचे जुडगे, आणि पुष्कळदा दोन्ही काठांना विणलेली झालर. तो जाळीपेक्षा उबदार असतो, काठ अंगावर ओढून घेता येतात, आणि कपड्याचं बटण अडकून धागा निघण्याची भीती जवळपास नसते. घरात मांजर असेल किंवा जपून वागणं जमणार नसेल, तर सुरुवात कापडी हॅमॉकपासून केलेली बरी.

तिसरा प्रकार म्हणजे दोन्ही टोकांना लाकडी दांडे घालून सपाट पसरलेला. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातले बोटीचे कप्तान जोशुआ जॉन वॉर्ड यांनी १८८९मध्ये दोरांचा असा हॅमॉक बनवला आणि तो प्रकार तिथे रुजला. चित्रात तो सुंदर दिसतो. पण सपाट ठेवण्यासाठी तो बराच ताणून बांधावा लागतो, आणि ताणला की आपण त्याच्या कुशीत न राहता त्याच्या वर राहतो. म्हणजे जरा कूस बदलली की कलंडायची भीती. पहिल्यांदा घेणाऱ्याला, विशेषतः झोपण्यासाठी घेणाऱ्याला, मी हा प्रकार नकोच म्हणते. पुढे जे लिहिलंय ते बिनदांड्याच्या हॅमॉकबद्दल.

हातात घेऊन काय बघायचं

आधी लांबी. इथे फसगत होते, कारण सांगितली जाते ती एका टोकाच्या कड्यापासून, म्हणजे हुकात अडकवायच्या गोल वेटोळ्यापासून, दुसऱ्या टोकाच्या कड्यापर्यंतची. त्यात दोन्हीकडच्या मोकळ्या दोऱ्या धरलेल्या असतात. तुम्ही झोपता ते विणलेल्या भागावर. तेव्हा फक्त विणलेला भाग मोजा. तो निदान तुमच्या उंचीइतका हवा, वीतभर जास्त असला तर उत्तम. तो आखूड असला की डोकं किंवा टाचा दोऱ्यांच्या जुडग्यावर जातात आणि दहा मिनिटांत अवघडतात.

मग रुंदी. हॅमॉकमध्ये सरळ नाही, तिरकं झोपायचं असतं (त्याबद्दल पुढे सविस्तर), आणि तिरकं झोपायला रुंदी लागते. म्हणून एकट्या माणसानेही दोघांच्या मापाचा घ्यावा असं माझं ठाम मत आहे. युकातानी हॅमॉकचं माप टोकाच्या दोऱ्यांच्या जोड्यांवरूनही ओळखतात: एकट्याच्या मापाला सुमारे ५० जोड्या, दुहेरीला सुमारे १००, आणि जोडप्याच्या मापाला, ज्याला तिकडे ‘मात्रिमोनियाल’ म्हणतात, सुमारे १५०. या मोजणीला पाच मिनिटं लागतात, पण ती जरूर करा. जितक्या जास्त जोड्या, तितका भार जास्त ठिकाणी वाटला जातो.

आता वीण. जाळी दोन्ही हातांनी आडवी ताणा आणि उजेडासमोर धरा. घरं, म्हणजे धाग्यांमधली भोकं, सारखी दिसली पाहिजेत. हाताने विणलेल्या जाळीत थोडी कमी-जास्त घरं असणारच, तो दोष नाही. एका पट्ट्यात घरं बरीच मोठी आणि शेजारी एकदम दाट, असं दिसलं तर मात्र भार दाट पट्ट्यावर जाणार आणि मोठ्या घरांतून कोपर बाहेर येणार. बारीक सुताची दाट वीण जाड सुताच्या विरळ विणीपेक्षा केव्हाही चांगली. जाड दोऱ्या बघताना भक्कम वाटतात, पण उघड्या पाठीवर त्यांचे वळ उठतात. एकाच मापाचे दोन हॅमॉक समोर असतील तर दोन्ही हातांत तोलून बघा. सुती हॅमॉकमध्ये जास्त वजन म्हणजे जास्त सूत.

काठाच्या दोऱ्याही चाचपा. आत-बाहेर करताना आपण काठालाच धरतो आणि काठावरच बसतो, म्हणून तिथे आतल्यापेक्षा जाड किंवा जास्त पदरी दोरा हवा.

सगळ्यात जास्त वेळ मात्र टोकांपाशी घालवा. कडं एका हाताने उंच धरून हॅमॉक खाली मोकळा सोडा आणि टोकाच्या दोऱ्यांकडे बघा. त्यातल्या काही लोंबत असतील आणि काही ताठ असतील, तर झोपल्यावरही तसंच होणार: ताठ दोऱ्या सगळं ओझं घेणार आणि आधी तुटणार. प्रत्येक दोरी विणीतल्या घरांतून नीट ओवलेली आहे का ते बघा. दोऱ्या कड्यापाशी जिथे एकत्र येतात तो गळा घट्ट आणि जवळजवळ वेढे देऊन गुंडाळलेला असावा. अंगठ्याने वेढे सरकवून बघा. सरकले तर तो हॅमॉक ठेवून द्या.

सूत खरंच सूत आहे का, ही शंका राहते. बरेचदा जाळी सुती आणि टोकाच्या दोऱ्या नायलॉनच्या असतात; ती फसवणूक नसते, कारण नायलॉन ओलाव्याने कुजत नाही. पण सांगून घेतलेलं बरं. घरी आणल्यावर एखादं सुटं टोक चिमट्यात धरून पेटवून बघता येतं: सूत कागदासारखं जळतं, वासही कागद जळल्यासारखा येतो आणि मऊ राखाडी राख उरते. नायलॉन किंवा पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. सुताला रेशमासारखी चमक असेल तर ते मर्सराइज्ड असण्याची शक्यता आहे, म्हणजे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ताणून प्रक्रिया केलेलं. असं सूत साध्या सुतापेक्षा मजबूत असतं आणि रंगही जास्त चांगला धरतं. रंगीत हॅमॉक घ्यायचा तर पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर घासून बघा. रुमालाला थोडा रंग लागणारच. पण तो भरभरून लागला तर तुमच्या कपड्यांनाही लागेल.

कुठे आणि किती उंचीवर टांगायचा

नवखा माणूस हॅमॉक कपडे वाळत घालायच्या दोरीसारखा ताठ बांधतो. ताठ म्हणजे मजबूत असं वाटतं, आणि खरं तर नेमकं उलट होतं. ८० किलोचा माणूस झोपलाय असं धरू. दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूच्या हुकावर ८० किलोइतका ताण येतो. कोन २० अंशांवर आला की ताण ११७ किलो, १० अंशांवर २३०, आणि ५ अंशांवर ४५० किलोंच्याही पुढे. माणूस तोच, हॅमॉक तोच. ताठ बांधल्यामुळे हुकावर, दोऱ्यांवर आणि काठांवर पाचपट भार आला. शिवाय ताठ हॅमॉक काठांकडून खांदे आवळतो आणि झोपही लागू देत नाही.

म्हणून झोल हवा, आणि तो ३० अंशांच्या आसपास हवा. कोन मोजायला काही साधन लागत नाही. दोर ३० अंशांवर असेल तर त्याच्या प्रत्येक १ मीटर लांबीत टोक ५० सेंटिमीटर खाली उतरतं. लांबीच्या निम्मं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

अंतराचा हिशेबही सोपा आहे. कड्यापासून कड्यापर्यंतच्या लांबीचे सहा भाग करा, त्यातल्या पाच भागांइतकं अंतर दोन हुकांमध्ये ठेवा. ३.६ मीटरचा हॅमॉक असेल तर ३ मीटर. अशा टांगणीत मध्यभागी सुमारे १ मीटर झोल येतो. बसायची उंची खुर्चीइतकी, म्हणजे जमिनीपासून ४५ सेंटिमीटर धरली, तर हुक १.४५ मीटरवर येतात. पण नवं सूत वजनाने ताणलं जातं, पहिल्या काही दिवसांत हॅमॉक जवळजवळ वीतभर खाली येतो. त्यामुळे सुरुवातीला हुक १.६ मीटरवर ठेवा. दोन हुकांमध्ये ४ मीटर अंतर असेल तर दोन्ही बाजूंना साधारण ६० सेंटिमीटर दोर जोडा आणि हुक आणखी ३० सेंटिमीटर वर घ्या, म्हणजे कोन तोच राहील. अंतर हॅमॉकच्या मानाने फारच कमी असेल तर मात्र माणूस घडीत सापडल्यासारखा दुमडतो. ती जागा सोडून द्या, किंवा तिथे बसायचा छोटा झुला लावा.

भिंतीत हुक मारताना भिंत कशाची आहे ते आधी कळायला हवं. भरीव काँक्रीटचा खांब किंवा तुळई, किंवा जाड लाकडी वासा चांगला. पोकळ विटा, नुसता गिलावा आणि पातळ लाकडी पार्टिशन चालत नाही. काँक्रीटमध्ये १० ते १२ मिलिमीटर जाडीचा अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट, बसवावा आणि एका बाजूच्या हुकाने निदान २५० किलो तरी पेलावेत, कारण माणूस नुसता निजत नाही, तो धपकन बसतो आणि झोकेही घेतो. विटांच्या सुट्या उभ्या खांबाला, कठड्याच्या खांबाला किंवा फाटकाच्या खांबाला हॅमॉक कधीही बांधू नका. असे खांब वरून येणारं वजन पेलायला बांधलेले असतात. हॅमॉक त्यांना आडवा ओढतो, आणि खांब कोसळतो तो झोपलेल्या माणसाच्या अंगावर. बांधकामाबद्दल जराही शंका असली तर गवंड्याला दाखवा.

झाडाला टांगायचा तर झाड जिवंत हवं आणि खोड निदान १५ सेंटिमीटर जाडीचं. बारीक दोर सालीत रुततो आणि सालीखालून जाणारा झाडाचा अन्नरस अडवतो. त्याऐवजी ४-५ सेंटिमीटर रुंद पट्टा खोडाभोवती घ्या. वर बघायला विसरू नका, वाळलेली फांदी डोक्यावर नको.

हॅमॉकचं सुती कडं थेट लोखंडी हुकात अडकवलं की दर झोक्याला ते धातूवर घासतं. मध्ये गुळगुळीत गोल कडी किंवा कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) घाला, आणि ती गंजलेली किंवा धारदार नाही ना हे बघायला तिच्यावरून एकदा बोट फिरवा. पहिल्यांदा पूर्ण वजन टाकायच्या आधी दोन्ही हातांनी मध्यभागी दाबा, मग बसा, आणि हुकांकडे बघत मिनिटभर तसेच बसून राहा.

आत शिरणं आणि तिरकं होणं

चप्पल काढा. खिशातल्या किल्ल्या, कमरेचा पट्टा, अंगठ्या काढा. हॅमॉकच्या मधोमध उभं राहून त्याच्याकडे पाठ करा, मागे हात नेऊन दोन्ही हातांनी जाळी रुंद उघडा आणि जितकं मागे जाता येईल तितकं मागे बसा. काठावर बसलात तर तो अंगाखालून निसटतो. नीट बसल्यावर आधी पाठ टेकवा, मग पाय वर घ्या.

आता तुम्ही हॅमॉकच्या लांबीत सरळ पडला आहात आणि पाठीला केळ्यासारखा बाक आलाय. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि हॅमॉकने पाठ दुखते असं ठरवून मोकळे होतात. इथून पुढे दोनच हालचाली आहेत. दोन्ही पाय एका काठाकडे सरकवा आणि डोकं-खांदे दुसऱ्या काठाकडे, साधारण २० ते ३० अंश तिरके. शरीराखालची जाळी एकदम पसरते, गुडघ्यांचा ताण जातो आणि पाठ जवळजवळ सपाट होते. जाळीचा आवाजही बदलतो, धागे सरकल्याची बारीक करकर होते आणि थांबते. ती थांबली की समजावं, भार वाटला गेला. गुडघ्यांखाली अजून पोकळी वाटली तर छोटी उशी घाला. दोघांनी झोपायचं असेल तर दोघांनीही एकाच दिशेला तिरकं व्हा.

लहान मुलांबद्दल मात्र फार काळजी घ्या. तान्ह्या बाळाला हॅमॉकमध्ये झोपवून सोडू नये. मान पुढे झुकून श्वास अडू शकतो आणि बाळाला ती स्वतः सरळ करता येत नाही. १९९६मध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने बिनदांड्याचे छोटे जाळीदार हॅमॉक बाजारातून परत घ्यायला लावले होते, कारण चढता-उतरताना ते मुलांच्या गळ्याभोवती पिळले जाऊन मृत्यू झाले होते. मुलं खेळणार असतील तर मोठं माणूस जवळ हवं, आणि खेळ संपला की हॅमॉक हुकावरून काढून ठेवावा.

रोजची निगा

सुताचे शत्रू तीन: ऊन, ओलावा आणि अडकणाऱ्या वस्तू. सततच्या उन्हातल्या अतिनील किरणांनी सुताचा तंतू कमकुवत होतो. रंग उडणं ही त्याची फक्त दिसणारी खूण. ओलाव्याचं दुखणं जास्त फसवं आहे. सूत ओलं झालं की काही बिघडत नाही, उलट ओलं सूत सुक्यापेक्षा थोडं जास्तच ताण सहन करतं. पण ते ओलंच राहिलं की बुरशी धरते, आणि बुरशी तंतूच खाते. काळे ठिपके एकदा पडले की धुऊन पूर्ण जात नाहीत, आणि त्या जागी धागा कायमचा कच्चा राहतो. म्हणून उघड्यावरचा हॅमॉक संध्याकाळी, दव पडायच्या आधी आत घ्यायची सवय लावा.

काढण्याचीही पद्धत आहे. एका बाजूचं कडं हुकावरून सोडा, ते हातात घट्ट धरून दुसऱ्या हुकाकडे चालत जा आणि दोन्ही कडी एकत्र एका हातात घ्या. दुसऱ्या हाताने खाली लोंबणारी जाळी एकत्र गोळा करा, हलका पीळ द्या आणि मधोमध सुती नाडीने बांधा. कडी एकमेकांपासून सुटली आणि जाळीतून आरपार गेली की असा गुंता होतो की सोडवायला अख्खी सकाळ जाते. महिनोन् महिने ठेवायचा असेल तर पूर्ण कोरडा करून सुती पिशवीत, हवा लागेल अशा जागी ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल अडकते. कसर आणि उंदीर यांनाही सूत आवडतं, तेव्हा अधूनमधून उघडून झटका.

धुणं

नियमित वापर असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा धुवा. वॉशिंग मशीनमध्ये जाळीचा हॅमॉक टाकू नका. मशीनचा पीळ टोकाच्या दोऱ्यांचे असे वेढे करतो की त्यानंतर त्या कधीच एकसारख्या लांबीच्या राहत नाहीत.

सगळं यश धुण्याआधीच्या बांधण्यात आहे. दोन्ही टोकांच्या दोऱ्या गळ्यापासून विणीपर्यंत सरळ करून घ्या आणि प्रत्येक जुडगा दोन-तीन ठिकाणी पांढऱ्या सुती नाडीने बांधा. जाळी लांबीत गोळा करून तिलाही तीन-चार ठिकाणी सैल बांधा. रंगीत नाडी वापरू नका, तिचा रंग लागतो. मोठ्या टबात गार किंवा कोमट पाणी घ्या, सौम्य साबण आधी पाण्यात पूर्ण विरघळवा आणि मग हॅमॉक बुडवा. घासायचं नाही, पिळायचं नाही. पीठ तिंबताना तळहाताने दाबतो तसं दाबत राहायचं. पंधरा-वीस मिनिटांत पाणी मातकट होतं. गडद रंगाच्या नव्या हॅमॉकमधून पहिल्या दोन-तीन धुण्यांना रंगही निघतो, तो जादा रंग असतो. तो थांबवायला व्हिनेगरमध्ये भिजवा असा सल्ला फार दिला जातो, पण व्हिनेगरचा उपयोग लोकर-रेशमाच्या आम्ली रंगांना. सुताचा रंग त्याने पक्का होत नाही. गार पाण्यात वेगळं धुणं हाच उपाय. साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी बदला, सहसा तीन वेळा बदलावं लागतं. ब्लीच नको, त्याने डागाबरोबर तंतूही जातो.

पाणी काढण्यासाठी हॅमॉक जाड टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. ओला हॅमॉक एका कड्याने टांगून ठेवू नका. पाण्याचं सगळं ओझं थोड्या दोऱ्यांवर येतं आणि त्या लांबतात. दोन्ही कडी नेहमीसारखी दोन हुकांना लावा, नाड्या सोडा, जाळी आडवी पसरा आणि सावलीत, वाऱ्यात वाळू द्या. काठांपेक्षा कड्याचा गळा खूप उशिरा वाळतो. तो बोटांनी दाबून बघितल्याशिवाय हॅमॉक आत ठेवू नका.

धागा निघाला, धागा तुटला

माझ्या पहिल्या जाळीच्या हॅमॉकमध्ये जीन्सच्या खिशावरची तांब्याची टिकली अडकली आणि वीतभर धागा फासासारखा बाहेर आला. मी तो कात्रीने कापून टाकला. सकाळी तिथे तळहात मावेल एवढं भोक होतं, कारण गाठ नसलेल्या विणीत कापलेलं टोक हळूहळू शेजारच्या घरांतून निसटत जातं. त्या दिवसापासून हॅमॉकजवळ कात्री आणत नाही.

धागा नुसता बाहेर ओढला गेला असेल तर तो तुटलेला नसतो, फक्त आजूबाजूच्या घरांतलं सूत एका जागी आलेलं असतं. हॅमॉक अर्धवट ताणून टांगा, फासाच्या दोन्ही बाजूंची घरं बोटांनी एकेक करून उघडत चला, आणि प्रत्येक घरात थोडं थोडं सूत परत जाऊ द्या. दहा-बारा घरांनंतर फास नाहीसा होतो.

धागा खरोखर तुटला असेल तर त्यात कुणी झोपायच्या आत दुरुस्ती करा. दोन्ही तुटकी टोकं शोधून आधी त्यांना एकेक गाठ मारा, म्हणजे निसटणं थांबेल. मग त्याच जाडीचं सुती सूत घ्या, एका टोकाला जोडा, शेजारच्या धडक्या घरांकडे बघत तसंच वळण देत नेऊन दुसऱ्या टोकाला जोडा. जोडलेला तुकडा आजूबाजूच्या धाग्यांइतकाच सैल हवा. ताठ राहिला तर पुढच्या वेळी तोच आधी तुटेल. गाठीची टोकं ३ सेंटिमीटर ठेवा, बारीक कापली तर सुटतात. नायलॉनचा दोरा वापरू नका, तो भोवतीच्या मऊ सुताला कापत जातो. कापडी हॅमॉकमध्ये भोक पडलं तर त्याच जाडीच्या सुती कापडाचं ठिगळ, भोकापेक्षा दोन बोटं मोठं, दोन्ही बाजूंनी शिवा.

टोकाच्या दोऱ्या महिन्यातून एकदा बोटांतून सरकवून बघा. एखादी दोरी केसाळ झाली असेल, मध्येच बारीक लागत असेल किंवा विणीतून जाते तिथे झिजली असेल, तर तुटायची वाट न बघता ती बदला. एक दोरी गेली की तिचा भार शेजारच्या दोघींवर जातो, आणि मग त्या लवकर जातात. कड्याच्या गळ्यावरचे वेढे सैल झाले असतील तर त्यावर सुती दोऱ्याचे नवे घट्ट वेढे द्या. पण कड्याच्या आतल्या दोऱ्याच झिजल्या असतील, किंवा जाळीतलं सूत चिमटीत धरून ओढल्यावर भुसभुशीत तुटत असेल, तर त्यात झोपणं थांबवा. जाळी चांगली आणि फक्त दोऱ्या थकलेल्या असतील तर दोन्ही टोकांना नव्या दोऱ्या ओवून घेता येतात. एकेक जुनी दोरी काढायची आणि लगेच तिच्या जागी त्याच लांबीची नवी घालायची, म्हणजे घरांचा क्रम हरवत नाही. नव्या दोऱ्यांचा हॅमॉक परत नव्यासारखाच ताणला जातो, तेव्हा पहिले काही दिवस हुक पुन्हा वीतभर वर घ्यावे लागतील.